घास गिळल्यानंतर



मागच्या वेळी पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. गिरणीतून आणलेल्या पिठाचा पहिला दिवस कुठून मोजायचा, रव्याचं काय, असे प्रश्न. बरं वाटलं. त्याच बोलण्यात एकीनं जाता जाता विचारलं, "वहिनी, दोन वर्षांपूर्वी पर्व झाल्यावर तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं, ते कशानं हो?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "काही नाही गं, अशक्तपणा आला होता."

फोन ठेवला आणि मन खाऊ लागलं. अशक्तपणा आला होता हे खोटं नाही, पण ते कारण नव्हतं. खरं कारण मी घराबाहेर आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या वेळी घरातसुद्धा सांगितलं नाही म्हणूनच गोष्ट जिवावर बेतली. आज ते लिहिते. यात संडासाचा उल्लेख येणार आहे आणि तो बराच येणार आहे. चहा घेत वाचत असाल तर आधी चहा संपवा.

माझे गुडघे साठीच्या आधीपासून कुरकुरतात. त्या वर्षी आषाढात फारच वाढलं. मंदिराच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे कठड्याला धरून एकेक. ओळखीच्या एकीनं तिच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. तेच नाव मेडिकलमध्ये सांगितलं, त्यांनी दिलं. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही आणि माझ्याकडे नव्हतीच. गोळी घेतली की तासाभरात पाय मोकळे. मग रोज एक. श्रावणात कधीकधी दोन.

भाद्रपदात पर्व आलं. दहाही दिवस एकाशन आणि अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवास, हे माझं गेली कितीतरी वर्षं चालू आहे. फक्त औषधाची सूट ठेवते. जेवण बाराच्या सुमाराला, पण अभिषेक सकाळी आणि पायऱ्या चढायच्या त्याही सकाळीच. म्हणून सूर्योदय झाला की उकळलेल्या पाण्याच्या दोन घोटांबरोबर दोन गोळ्या एकदम. पोटात आदल्या दुपारनंतर अन्नाचा कण नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, पण हिशेब असा केला की गोळ्या दोन, पायऱ्या बावीस, सौदा परवडला. खर्चाचं पान उघडलंच नाही.

सहाव्या की सातव्या दिवशी शौचाचा रंग काळा दिसला. डांबरासारखा, चिकट, आणि वास नेहमीचा नव्हे. मी काय केलं? दोन बादल्या पाणी ओतलं आणि बाहेर आले. त्याच्या आधीपासून मला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं काळं होतं हे कानावर होतं. तेच असणार, असं ठरवून टाकलं. मनात शंका नव्हती असं नाही. पण सांगणार कुणाला? ह्यांना? बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या विषयावर आम्ही दोन वाक्यं बोललेलो नाही. सासूबाईंच्या काळात तर 'परसाकडे' हा शब्दसुद्धा आवाज खाली करून उच्चारायचा. सूनबाईला सांगितलं तर ती मुलाला सांगणार आणि मुलगा म्हणणार, उपवास बंद. ही भीती सगळ्यात मोठी होती. तीन-चार दिवसच तर राहिले होते.

नवव्या दिवशी अंगण ओलांडताना धाप लागली. चतुर्दशीला पूजेत उभं राहवेना म्हणून भिंतीला टेकून बसले. शेजारी बसलेली म्हणाली, "काकी, उपवासाचं तेज आलंय बघा चेहऱ्यावर, कशा गोऱ्या दिसताय!" गोरी कसली, पांढरी पडले होते. आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला आत कुठेतरी आवडलंही होतं.

दुसऱ्या दिवशी पारण्याआधी न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी उंबऱ्यावरच बसले. सूनबाई धावत आली. पाणी, पंखा सगळं झालं आणि मग तिनं सरळ विचारलं, "आई, संडासला कशी होतेय तुम्हाला?" मी म्हटलं, "ठीक." ती म्हणाली, "ठीक म्हणजे? रंग कसा आहे?" मी खाली बघत राहिले. ती काही न बोलता आत गेली, बघून आली आणि मुलाला म्हणाली, "गाडी काढा."

रक्तात हिमोग्लोबिन ६.८ निघालं. बायकांना निदान १२ तरी असावं लागतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून तपासणी करायची ठरली, एंडोस्कोपी म्हणतात ती. घशात कडवट फवारा मारतात, घसा बधिर होतो, दातांत एक प्लास्टिकची कडी देतात आणि डाव्या कुशीवर झोपवतात. उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण पाच-सात मिनिटांत आटोपतं. डॉक्टर भले होते. म्हणाले, "मावशी, बघायचं असेल तर पडदा तुमच्याकडे वळवतो." मी मान हलवली.

बासष्ट वर्षं या शरीरात राहिले आणि त्या दिवशी घर आतून पहिल्यांदा पाहिलं. आधी अन्ननलिका, जेमतेम वीतभर लांब, गुलाबी आणि ओली. मग एक दार उघडल्यासारखं झालं आणि जठर आलं. त्याला आतून वळ्या होत्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. जेवण आलं की त्या उलगडतात आणि जागा होते. खालच्या अंगाला, जिथून अन्न लहान आतड्याकडे जातं त्याच्या अलीकडे, चिंचोक्याएवढी जखम होती. मधोमध काळा ठिपका. माझे दहा दिवस तिथून झिरपत होते.

नंतर खाटेशी येऊन त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. जठरात तयार होणारा रस म्हणजे खरोखरचं तीव्र आम्ल, लिंबापेक्षाही आंबट. ते अन्नातल्या प्रथिनांची वीण उसवतं, अन्नाबरोबर गेलेले बरेचसे जंतू मारतं. मग ते जठरालाच का जाळत नाही? कारण जठर स्वतःला आतून एका दाट, बुळबुळीत थरानं सारवून घेतं. रोज आणि सतत. आतलं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवंच होतं. आपली आजी चूल रोज सारवायची ना, तसं. हे सारवण चालू ठेवायला शरीरात एक द्रव्य लागतं. आणि गुडघ्यात सूज नि ठणका आणणारं द्रव्यही त्याच कुळातलं. माझी गोळी ते द्रव्य तयारच होऊ देत नव्हती. गुडघा कुठला आणि जठर कुठलं, हे गोळीला कळत नाही.

मी विचारलं, "जेवण करून घेतली असती तर झालं नसतं ना?" मला वाटलं ते हो म्हणतील आणि चूक फक्त वेळेची ठरेल. ते म्हणाले, "थोडं बरं पडलं असतं. पण ही गोळी नुसती पोटात पडून काम करत नाही, रक्तात मिसळून परत जठरापर्यंत येते. महिनोन्‌महिने मनानंच घेतली तर भरल्या पोटीही जखम करू शकते."

"पण मग दुखलं कसं नाही?" तर म्हणाले, या वयात पुष्कळांना दुखत नाहीच, आणि तुम्ही वर दुखणं दाबणारी गोळीच खात होता.

काळ्या रंगाचंही सांगितलं. वरच्या भागात, म्हणजे जठरात नाहीतर त्याच्या लगेच पुढे रक्त आलं, तर ते आम्लातून आणि पुढच्या लांब वाटेवरून जाताना काळं पडतं. लाल रक्त दिसलं तर बहुतेक वेळा ते खालच्या टोकाचं असतं. त्यालाही मूळव्याधच असेल असं आपणच ठरवायचं नाही. लोहाच्या गोळीनं रंग काळपट-हिरवट होतो, पण तो डांबरासारखा चिकटत नाही आणि तसा उग्र वास येत नाही. हे मला आधी माहीत असतं तर, असं म्हणणार होते, पण मला फरक दिसला होता. चिकटपणा दिसला होता, वास आला होता. माहितीपेक्षा लाज जास्त होती.

मुलानं अपेक्षेप्रमाणे तिथेच सुरू केलं, "बास झाले आता उपवास, आई." मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "उपवासाचं नंतर बघू. आधी त्या गोळ्या बंद." जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात एक जंतूही सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी असं त्याचं नाव. जठराच्या त्या सारवणात राहतो. गोळ्या आणि हा, दोघांनी मिळून माझं अस्तर उकरलं.

या जंतूची गोष्ट मजेशीर आहे. पूर्वी समजत की अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट खाणं. जठराच्या आम्लात जंतू जगेलच कसा, असं मोठमोठे डॉक्टर म्हणत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे दोघं म्हणत होते की जंतू आहे. कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू घातलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. तपासलं तर जंतू हजर. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. सूनबाईनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, त्यांच्या बायकोला आधी विचारलं होतं का त्यांनी?

पण औषध सुरू करायची वेळ आली तेव्हा मी अडून बसले. तुम्हाला हसू येईल. लहानपणी आईनं शिकवलं, पाणी गाळलं की गाळण्यावरची जिवाणी परत विहिरीत हळूच सोडायची, आपटायची नाही, त्यात जीव आहेत. आणि आता पोटातल्या जिवाणूंना मारायला चौदा दिवसांचं औषध घ्यायचं? त्या वर्षी चातुर्मासाला माताजी गावातच होत्या. ह्यांना पाठवून विचारलं. त्यांनी विचारायला लावलं, "संकल्प जीव मारण्याचा आहे की देह राखण्याचा?" एवढंच. संकल्पी हिंसा आणि गृहस्थाला न टळणारी हिंसा यांतला फरक मी पाठशाळेत मुलांना शिकवते. स्वतःवर वेळ आल्यावर माताजींकडून ऐकावा लागला.

दुसरी अडचण कॅप्सूलची. वरचं ते पारदर्शक टोपण बहुधा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी. डॉक्टरांना सांगायला मला संकोच वाटत होता, सूनबाईनं सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. सगळी औषधं गोळीच्या रूपात लिहून दिली. दिवसातून दोनदा घ्यायची होती. अश्विन महिना, दिवस-रात्र जवळपास सारखे, त्यामुळे एक वेळ सूर्योदयानंतर आणि एक अंथऊच्या आधी. नियम मोडला नाही. तुमच्यापैकी कुणी कॅप्सूल म्हणून औषधच टाळत असेल तर टाळू नका, विचारा. पुष्कळ औषधं दोन्ही रूपांत मिळतात.

घरी आल्यावर पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. करमेना. नातवाचं शास्त्राचं पुस्तक उघडलं तर त्यात पचनसंस्थेचं चित्र. तोंडापासून शेवटापर्यंत ही सगळी नळी सुमारे ९ मीटर, असं लिहिलेलं. नऊ मीटर म्हणजे किती हे मला आकड्यानं कळेना. मग आम्ही सासूबाईंची नऊवारी काढली आणि गच्चीवर पसरली. नातवानं टेप लावला, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर भरलं. म्हणजे अख्खी नऊवारी आणि वर जवळपास दोन हात! त्यातली वीतभर अन्ननलिका, मग जठराची पिशवी, मग सहावारीपेक्षाही थोडं जास्त लांब लहान आतडं, आणि पदराकडचं दीड मीटर मोठं आतडं. "आजी, एवढी साडी तुझ्या पोटात घडी करून ठेवलीय?" नातवाला फार गंमत वाटली. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, साडी वाळत घालताय की मोजताय? मी म्हटलं, आतडं मोजतोय. ती बाई आत गेली.

लहान आतड्याला आतून लव असते, मखमलीसारखी. त्या लवेमुळे आतल्या बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर होतं. आमचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली मिळून तेवढी आहे. अन्न पोटात गेलं म्हणजे अंगाला लागलं असं नाही. या लवेतून रक्तात गेलं तर लागलं. जठर फक्त घुसळतं. आतड्याच्या तोंडाशी यकृताकडून पित्त येतं, ते तूप-तेलाचे थेंब फोडतं, आणि स्वादुपिंडाचा रस येतो, तो जठरातून आलेलं आम्ल शांत करतो आणि पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध सगळं सुटं करतो. हे स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं निजलेलं असतं, कधी त्याचं नाव निघत नाही. घराघरात एक अशी बाई असते.

माझ्यातल्या बी.कॉम.ला सगळ्यात आवडला तो पाण्याचा ताळेबंद. वहीत मांडला. आपण दिवसाला पितो साधारण २ लिटर. लाळ दीड लिटर, जठराचा रस २, पित्त अर्धा ते एक, स्वादुपिंडाचा दीड, आतड्याचा स्वतःचा एक. म्हणजे बाहेरून आले २ आणि शरीरानं स्वतःच्या खिशातून घातले ७. या नऊ लिटरांपैकी बहुतेक सगळं लहान आतडं परत शोषून घेतं, उरलेलं मोठं आतडं. शौचावाटे जातं ते वाटीभर. जुलाब झाले की माणूस एका दिवसात का गळतो ते मला तेव्हा कळलं. आपलं प्यायलेलं दोन लिटर नव्हे, उधार दिलेलं सात लिटर परत येत नाही.

आणि उपवासात पोट गुडगुडतं ना, त्याचंही कारण आहे. मला आजवर वाटायचं, ते बिचारं भूक भूक करतंय. रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक लाट जाते. मागे राहिलेले कण, साचलेले जंतू ढकलत पुढे नेते. स्वयंपाक उरकल्यावर आपण ओटा पुसून केर काढतो तसंच. तोंडात काही टाकलं की ती लाट थांबते आणि नेहमीचं काम सुरू होतं. त्यामुळे येता-जाता चिवडा, येता-जाता चहा केला तर केर काढायला उसंतच मिळत नाही.

इथे एक सांगून टाकते. यावरून शास्त्रानं आपला धर्म सिद्ध केला वगैरे मी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवर तसले निरोप रोज येतात आणि मी ते पुढे पाठवत नाही. रात्रीभोजनत्याग आपण जीवदयेसाठी करतो, पोटासाठी नव्हे. पोटाला त्याचा फायदा होतो, आडवं पडेपर्यंत जठर रिकामं झालेलं असतं म्हणून आंबट वर येत नाही, हे खरं. पण उद्या कुणी म्हणालं की फायदा नाही, तर मी अंथऊ सोडणार आहे का?

उलट आपल्या ताटात कमी काय आहे तेही या आजारात कळलं. माझं बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. ते धान्य-भाज्यांतून मिळत नाही. आपल्याला मिळालं तर दुधातून, दह्यातून. तेही नुसतं खाऊन भागत नाही. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं बोट धरून ते लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत जातं आणि तिथेच शोषलं जातं. पायाला मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरायला होतं, ते सगळं आपण वयावर ढकलतो. मी पण ढकललं होतं. मला इंजेक्शनं घ्यावी लागली. आम्लाची गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२ कमी होऊ शकतं. त्यामुळे रोज सकाळी उठून सवयीनं 'ॲसिडिटीची' गोळी घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी कधीतरी डॉक्टरांना विचारावं, ही अजून किती दिवस?

दोन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. जखमेच्या जागी फिकट चांदणीसारखा व्रण होता. जंतू गेला होता. तेव्हा मी उपवासाचा विषय काढला. पहिल्या वर्षी त्यांनी नाही म्हटलं, आणि मी ऐकलं. सोपं गेलं नाही. सगळ्या जणी एकाशनाला बसलेल्या आणि मी घरी दोन वेळा जेवते आहे, याची टोचणी लागली. मग अवमौदर्य धरलं. शास्त्रात स्त्रीचा पूर्ण आहार २८ कवळांचा सांगितला आहे, त्याहून एकेक कमी करत जायचं. कवळ मोजायचे म्हणून आपोआप सावकाश चावले गेले. तेव्हा लक्षात आलं, मी चाळीस वर्षं चावलेलंच नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर, कुकर उतरवता उतरवता, गिळत आले. ज्वारीच्या भाकरीचा घास नीट चावला तर तोंडातच गोडसर होतो, लाळ पिष्टाची साखर करायला लागते म्हणून. एवढ्या भाकऱ्या थापल्या आणि ही चव मला त्या वर्षी कळली.

मागच्या पर्वात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि दहाही दिवस एकाशन झालं. पण गोळीशिवाय बावीस पायऱ्या चढणं होत नाही. म्हणून अभिषेक खालच्या मंडपात खुर्चीवर बसून ऐकला. कलशाचा आवाज येत होता, दिसत नव्हतं. सवय होईल म्हणतात. अजून झालेली नाही.

हे सगळं आज लिहायला कारण त्या फोनपेक्षाही दुसरं झालं. गेल्या आठवड्यात एका लग्नात माझी धाकटी जाऊ भेटली. खुर्चीतून उठताना कण्हली नाही म्हणून मी कौतुक केलं, तर म्हणाली, "अक्का, ह्यांच्या कमरेच्या गोळ्या आहेत ना, त्यातलीच एक घेते रोज. फार गुण आहे बघा." मी तिला मांडवाबाहेर नेलं आणि विचारलं, "संडासला रंग कसा आहे?" ती हसायलाच लागली. "अक्का, लग्नात काय विचारताय!" मी हसले नाही. मग तिचं हसू थांबलं. इकडे तिकडे बघत पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

सोमवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे.